बारा हजारांना मिळतंय ते पुस्तक घेऊ का?

प्रश्न: मी सव्वीस वर्षांचा आहे. सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतो. कॉलेजपासून स्नूकर खेळत होतो, पण गेल्या वर्षी क्लबातल्या एका ज्येष्ठ खेळाडूंमुळे बिलियर्ड्सची गोडी लागली. ते म्हणतात, स्नूकरचं सगळं व्हिडिओवर मिळेल, बिलियर्ड्स शिकायचं तर जुनी पुस्तकं वाच. त्यांनी तीन जुन्या लेखकांची नावं दिली: जो डेव्हिस, रिसो लेव्ही, वॉल्टर लिंडरम. एकाचंही पुस्तक दुकानात मिळत नाही. ऑनलाइन एक विक्रेता जो डेव्हिसच्या 'हाउ आय प्ले स्नूकर'चे बारा हजार मागतोय. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आगाऊ पैसे पाठवा म्हणतोय. मला वर्षाला पाच-सहा हजार यासाठी बाजूला काढता येतील. स्वस्तात प्रती कुठे मिळतील? ऑर्डर दिल्यावर छापून देतात त्या नव्या प्रती घ्याव्यात का? आणि नेटवरची पीडीएफ उतरवून घेणं बेकायदा आहे का?

उत्तर:

नमस्कार,

आधी बारा हजारांचा विषय संपवू. देऊ नका. तुम्हाला शिकायचंय बिलियर्ड्स आणि ते पुस्तक आहे स्नूकरचं. जो डेव्हिस दोन्ही खेळांतला जगज्जेता. स्नूकरचं जागतिक अजिंक्यपद त्याने १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जिंकलं, बिलियर्ड्सचं चार वेळा. त्यामुळे नुसत्या नावावरून घोटाळा होणं साहजिक आहे. त्याचं बिलियर्ड्सवरचं पुस्तक म्हणजे १९२९ सालचं 'बिलियर्ड्स अप टू डेट'. तुमच्या ज्येष्ठांना बहुधा तेच म्हणायचं असणार, एकदा विचारून घ्या. 'हाउ आय प्ले स्नूकर' वाचलंत तर वाया जाणार नाही. उभं कसं राहायचं, क्यू कसा धरायचा, डाव्या हाताचा ब्रिज (क्यूला दिलेला टेकू) कसा घट्ट ठेवायचा, हे दोन्ही खेळांना सारखंच लागू आहे. पण बारा हजार घालून नाही.

शिवाय ते पुस्तक मुळात दुर्मीळ नाही. १९४९ साली निघालं, पुढे अनेकदा छापलं गेलं आणि १९७४ मध्ये ते आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड स्नूकर' ही दोन्ही पुस्तकं एकत्र करून 'कम्प्लीट स्नूकर' नावाने आली. बारा हजार मागितले जातात ते पहिल्या आवृत्तीचे, वरचं कागदी वेष्टन शाबूत असल्याचे, कधी सही असल्याचे. त्याला किंमत देणारे संग्राहक आहेत आणि त्यांचा छंद चांगलाच आहे, पण तुमची गरज वेगळी आहे. तुम्ही 'कम्प्लीट स्नूकर'ची वेष्टन नसलेली, एखाद्या वाचनालयाचा शिक्का मारलेली प्रत शोधा. इंग्लंडातली वाचनालयं जुनी पुस्तकं काढून टाकतात तेव्हा अशा प्रती बाजारात येतात. शिक्क्यामुळे संग्राहक त्यांना हात लावत नाहीत आणि भाव पडतो.

बिलियर्ड्सच्या पुस्तकांबाबत माझं एक ठाम मत आहे, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्याभोवती फिरतं: पैसे मोजायचे ते आकृत्यांसाठी. मजकूर बहुतेक वेळा फुकट किंवा फुकटात जमा मिळतो. आकृत्या धड असलेली प्रत मात्र मिळवावी लागते.

कुठलंही चांगलं जुनं पुस्तक उघडून बघा. पानभर उभं टेबल काढलेलं असतं. खाली बॉल्कची, म्हणजे टेबलाच्या एका टोकाजवळची आडवी रेघ आणि तो इंग्रजी डी, आणि टेबलावर तीन चेंडू. एक पांढरा, एक ठिपकेवाला पांढरा, एक लाल. क्यू-बॉलची, म्हणजे ज्याला क्यूने मारायचं त्या चेंडूची, वाट सलग रेषेने, दुसऱ्या चेंडूची तुटक रेषेने. कोपऱ्यात क्यू-बॉलचं मोठं वर्तुळ आणि त्यावर एक बारीक फुली, म्हणजे क्यूचं टोक नेमकं तिथे लावायचं. आता हेच पान कुणीतरी घाईघाईत काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की लाल चेंडू काळा होतो, ठिपकेवाल्याचा ठिपका उडतो, तुटक रेषा पुसट होऊन मध्येच गायब होते आणि फुलीच्या जागी शाईचा डाग उरतो. खाली मजकूर सांगतो, लाल चेंडू अर्धा घ्या, उजवी साईड (बाजूची फिरकी) द्या, ठिपकेवाला तिसऱ्या कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) मधल्या पॉकेटपाशी आणा. कुठला लाल आणि कुठला ठिपकेवाला हेच कळत नसेल तर त्या वाक्याचं करायचं काय?

ऑर्डर दिल्यावर छापून देणाऱ्या नव्या प्रतींची नेमकी हीच गत असते. नेटवरचा फुकटचा स्कॅन घ्यायचा, चकचकीत मुखपृष्ठ लावायचं आणि आठशे-हजारला विकायचं, असा तो धंदा आहे. काही जण तर यंत्राने ओळखलेला मजकूर तेवढा छापतात आणि आकृत्या गाळूनच टाकतात. जुन्या पुस्तकांत घडी घातलेले मोठे तक्ते असत. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडली नसेल तर छापील प्रतीतही ती मिटलेलीच येते, टेबलाचा एक कोपरा दिसतो आणि बाकीचं टेबल गायब. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे: आतली आकृतीची चार पानं दाखवत नसतील तर अशी प्रत घेऊ नका. ज्या स्कॅनवरून ती छापली तो स्कॅन तुम्हाला फुकट बघता येतो.

याला अपवाद म्हणजे नामांकित प्रकाशकांची जुनी पुनर्मुद्रणं. उदाहरणार्थ, मॉरिस डेलीचं १९१३ चं पुस्तक अमेरिकेतल्या डोव्हर प्रकाशनाने १९७१ मध्ये नीट छापलं आणि ते आजही स्वस्तात मिळतं. पण ते घेऊ नका, कारण तो तुमचा खेळ नव्हे. अमेरिकी पुस्तकावर नुसतं 'बिलियर्ड्स' असं लिहिलेलं असलं की बहुतेकदा बिनपॉकेटच्या टेबलावरचा कॅरम बिलियर्ड्स असतो. कमी भावात समोर येणारी बरीच पुस्तकं त्यातली. पैसे भरण्याआधी आतला एक फोटो बघा. टेबलाला सहा पॉकेट्स दिसली तर पुढे जा.

फुकट काय मिळतं? बरंच. १८९६ साली लाँगमन्सने 'बॅडमिंटन लायब्ररी' या खेळांवरच्या गाजलेल्या मालिकेत मेजर ब्रॉडफुट यांचं 'बिलियर्ड्स' काढलं. ते इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. मी तुम्हाला सुरुवात त्याच्यापासूनच करायला सांगेन. टेबल कसं बनतं, कुशनचं रबर कसं वागतं, साईड दिल्यावर चेंडू असा का वळतो, हे त्यात सावकाश समजावलंय. तिथे पुस्तक उतरवताना पीडीएफवर समाधान मानू नका. पीडीएफ दाबून लहान केलेली असते. त्याच पानावर मूळ पानांच्या चित्रांची झिप फाइल असते, आकाराने मोठी, ती घ्या. रंग शाबूत असतील तर तिच्यातच असतील. एकाच पुस्तकाचे तीन-चार वेगवेगळ्या ग्रंथालयांनी केलेले स्कॅन असतात, तेही सगळे उघडून बघा. एकात घडीचा तक्ता मिटलेला असतो, दुसऱ्यात उलगडलेला सापडतो. भारतातल्या ग्रंथालयांचे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने केलेले स्कॅनही तिथेच आहेत. दर्जा कामचलाऊ असतो, पण अशी काही पुस्तकं त्यात आहेत जी दुसरीकडे दिसत नाहीत.

कायद्याचं विचारलंत ते बरं केलंत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. ऑस्ट्रेलियाचा बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंडरम १९६० मध्ये गेला, म्हणजे त्याने लिहिलेलं २०२१ पासून भारतात सर्वांना खुलं आहे. जो डेव्हिस १९७८ मध्ये गेला, त्याचं लेखन २०३८ संपेपर्यंत संरक्षित आहे. त्यामुळे डेव्हिसच्या पुस्तकाची पीडीएफ कुणी ग्रुपवर टाकली तर ती घेऊ नका, त्याची छापील जुनी प्रत घ्या. हाच कायदा स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात नक्कल करू देतो, म्हणून ग्रंथालयात बसून हव्या त्या चार आकृत्यांची झेरॉक्स काढायला संकोच करू नका. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करून ठेवू शकतं, अशीही तरतूद आहे. ग्रंथपालांना ती सौम्यपणे सांगून बघा.

आता विकत घ्यायच्या प्रतींकडे येऊ. अशा पुस्तकांचा मोठा साठा अजून इंग्लंडातच आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या याद्या एबबुक्स, बिब्लिओ, ईबे वगैरेंवर असतात. बुकफाइंडर किंवा व्हायालिब्री वापरलंत तर बऱ्याच ठिकाणी एका वेळी शोध घेता येतो. यातल्या बहुतेक पुस्तकांना आयएसबीएन हा ओळख-क्रमांक नसतो, तो आकडा १९७० च्या सुमारास आला, म्हणून लेखकाचं आडनाव आणि 'बिलियर्ड्स' एवढंच टाका. मग स्पेलिंग चुकवूनही शोधा. 'बिलियर्ड्स'मधला एक आय गाळलेल्या नोंदी पुष्कळ असतात आणि त्या इतरांच्या शोधात येत नाहीत, म्हणून बरेच दिवस पडून राहतात. घरातला खेळ, छंद, क्रीडा अशा भलत्या खणांतही ही पुस्तकं टाकलेली असतात. पुस्तक दिसलं नाही तर सूचना लावून ठेवा, प्रत आली की मेल येतो. या छंदात घाई करणाऱ्याला भुर्दंड बसतो.

रिसो लेव्हीचं 'बिलियर्ड्स: द स्ट्रोक्स ऑफ द गेम' तीन भागांत आहे आणि हा खरा अभ्यासाचा ग्रंथ आहे. तिन्ही भागांचा संच मागाल तर संचाचा भाव लागेल. सुटा भाग मागा. सुटे भाग संग्राहकाला नको असतात आणि विक्रेत्याला ते मोकळे करायचे असतात. पहिला आज, तिसरा सहा महिन्यांनी, दुसरा पुढच्या वर्षी मिळाला तरी काही अडत नाही. एकेका भागावर तुमचे सहा महिने सहज जातील.

खरा खर्च टपालाचा. पुस्तक चार-पाच पौंडांना आणि भारतात पाठवायचे त्याच्या दुपटीहून जास्त, असं सर्रास होतं. वर २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागलं. त्यामुळे आपल्या लोकांचा जुना उपाय करा: कुणाचा तरी भाचा, मावसबहीण, कॉलेजचा मित्र इंग्लंडात असतोच. इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये टपाल अनेक विक्रेते फुकट देतात. वर्षभर त्यांच्या पत्त्यावर तीन-चार पुस्तकं जमू द्या आणि ते दिवाळीला किंवा लग्नाला येतील तेव्हा आणायला सांगा. अट एकच, आधी विचारा आणि वजन सांगा. कापडी बांधणीची तीन पुस्तकं म्हणजे दीड-दोन किलो. परतीच्या बॅगेत त्यांनाही आपलं सामान घालायचं असतं.

पण परदेशाकडे वळण्याआधी मी तुम्हाला इथेच शोधायला सांगेन, आणि हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. स्नूकर जन्मलाच आपल्याकडे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो खेळ जुळवला, पुढे त्याचे नियम उटीच्या क्लबात पक्के झाले. छावणी तिथे मेस आणि मेस तिथे टेबल, असा तो काळ. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा जिमखान्यांच्या टेबलांभोवती एक सबंध पिढी उभी होती. मायकेल फरेरा, गीत सेठी यांच्यापर्यंत ती परंपरा चालत आली. या मंडळींच्या पिढीने पुस्तकं विकत घेतली होती. ती आज तीन ठिकाणी आहेत: जिमखान्याच्या कपाटात, निवृत्त सभासदांच्या घरी, आणि घर पाडून फ्लॅट उभा राहताना रद्दीत.

तेव्हा शक्य तेवढ्या जुन्या जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या सचिवांना एक छोटं पत्र लिहा. पुस्तक द्या असं म्हणू नका. तुमच्या ग्रंथालयात बिलियर्ड्सची जुनी पुस्तकं असतील तर बसून वाचायची आणि काही आकृत्यांचे फोटो काढायची परवानगी द्याल का, एवढंच विचारा. तुमच्या ज्येष्ठांची शिफारस सोबत जोडा, ती उपयोगी पडते. आणि तिथे गेलात की बिलियर्ड रूममधल्या मार्करना भेटा. गुण मांडणारे, टेबल झाडून इस्त्री करणारे, नव्या सभासदाला पहिला कॅनन (एका फटक्यात क्यू-बॉलने बाकीच्या दोन्ही चेंडूंना लागणं) शिकवणारे हे लोक. कुठल्या सभासदाकडे कुठलं पुस्तक होतं, ते वारले तेव्हा कपाट कुणी नेलं, हे सचिवापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. चहा सांगा, घाई करू नका आणि त्यांना खेळातलं काही विचारा. पुस्तकातली एखादी आकृती त्यांच्यापुढे ठेवलीत तर ते टेबलावर मांडून दाखवतील, आणि पुस्तकात नसलेलं चार गोष्टींचं ज्ञान वर मिळेल. एखाद्या कुटुंबाने पुस्तक देऊ केलं तर वाजवी किंमत विचारून द्या. त्यांना मोल माहीत नाही म्हणून किलोच्या भावाने उचलू नका.

फुटपाथचे बाजारही बघा. तुम्ही सोलापूरचे, म्हणजे मुंबईपेक्षा हैदराबाद तुम्हाला जवळ. अबिड्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, आणि शेजारी सिकंदराबाद ही जुनी लष्करी छावणी. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याला किंग्ज सर्कल, बंगळूरला चर्च स्ट्रीटची दुकानं, कोलकात्याला कॉलेज स्ट्रीट. विक्रेत्याला नाव सांगून उपयोग होत नाही, फोनवरचा आकृतीचा फोटो दाखवा. 'हिरव्या टेबलाची अशी चित्रं असलेलं जाड इंग्रजी पुस्तक' हे लगेच डोक्यात बसतं. नंबर देऊन ठेवा.

प्रत हातात आली की आधी शेवटची पानं बघा, मग आकृत्यांची यादी असेल तर ती आतल्या पानांशी ताडून बघा. पुठ्ठा सुटलेला, पाठ फाटलेली, पानांवर तपकिरी ठिपके, मार्जिनमध्ये पेन्सिलच्या खुणा, हे सगळं चालेल आणि त्यावर भावही कमी करून मागता येतो. कसर लागलेली, बुरशीचा वास येणारी प्रत घरी आणू नका, ती बाकीची पुस्तकंही खराब करेल. सुटी पानं असतील तर सोलापुरातल्या एखाद्या चांगल्या बाइंडरकडे द्या, फक्त त्याला दोनदा बजावा: कटिंग मारायचं नाही. त्यांना कडा सरळ करायची सवय असते. जुन्या पुस्तकांत आकृतीचा क्रमांक आणि कुठली साईड द्यायची ती ओळ अगदी काठाला छापलेली असते. मशीनखाली गेली की गेली. घडीचा तक्ता असेल तर तो शिलाईत न घेता पट्टीवर लावायला सांगा, म्हणजे पूर्ण उघडेल.

वाचताना सालाकडे लक्ष असू द्या. १८९६ च्या पुस्तकात ज्या स्पॉट-स्ट्रोकची (लाल चेंडू त्याच्या ठरलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा पॉकेटात घालण्याची) चर्चा आहे त्यावर १८९८ मध्येच बंधन आलं. लिंडरमने जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये खुद्द जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ गुणांचा ब्रेक (एकाच पाळीतले सलग गुण) केला. कुशनला चिकटून एकामागून एक नर्सरी कॅनन (चेंडू जवळजवळ ठेवून काढलेले बारीक कॅनन) काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याला आवर घालायला बॉल्कची रेघ ठरावीक गुणांत ओलांडलीच पाहिजे असा नियम आणावा लागला. आज सलग कॅनन पंचाहत्तरपर्यंतच चालतात. म्हणून १९३२ च्या आधीचं पुस्तक हातात आलं तर फटका कसा मारायचा ते त्यातून शिका, डाव कसा रचायचा ते मात्र तुमच्या ज्येष्ठांना विचारून.

पहिल्या वर्षीचे पैसे मी असे लावेन: ब्रॉडफुट फुकट, 'कम्प्लीट स्नूकर'ची शिक्क्याची प्रत, लेव्हीचा एक सुटा भाग, आणि उरलेले हैदराबादच्या एका फेरीसाठी आणि बाइंडरसाठी. 'बिलियर्ड्स अप टू डेट' आणि लिंडरमसाठी सूचना लावून ठेवा आणि थांबा.

राहता राहिला तो विक्रेता. त्याला लिहा की नावाच्या पानामागचं छपाईचं साल असलेलं पान, अनुक्रमणिका आणि आकृत्यांची कुठलीही पाच पानं यांचे फोटो पाठवा. खरा विक्रेता तासाभरात पाठवेल, आणि मग पहिली आवृत्ती आहे की नंतरची हे तुम्हालाच वाचता येईल. फोटो न पाठवता पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव काढलं तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल विका म्हणून कळवा.